गणवेश फाटण्याआधी बदलू नका : पुण्यातील शाळाचालकांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहरातील शाळांचे संस्थाचालक, विश्वस्त आणि मुख्याध्यापक यांस,

स.न.वि.वि.

कर्वेनगरात माझं शिवणकामाचं आणि अल्टरेशनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, दोन मशिनं आणि एक इस्त्रीचं टेबल. आपल्या शाळांमधली मुलं कशी वाढतात ते मला त्यांच्या पँटींवरून कळतं. गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका शाळेने पालकसभेत जाहीर केलं, की येत्या जूनपासून गणवेश बदलणार. पांढरा शर्ट आणि राखाडी पँट जाऊन चौकडीचा शर्ट आणि गडद निळी पँट येणार, खेळाच्या तासाला वेगळा टी-शर्ट आणि वेगळी ट्रॅकपँट. का, असं एका पालकाने विचारलं. 'शाळेला नवा लूक द्यायचाय' एवढंच उत्तर मिळालं.

शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका शाळेची नाही. नाव घातलं तर बाकीचे निवांत होतील.

यात माझा धंदा आहे, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको. जुना कपडा मोठा करणं, छोटा करणं, उसवलेलं शिवणं, चेन बदलणं यावर माझं घर चालतं. गणवेश टिकला तर माझं काम टिकतं. पण मी गप्प राहिले असते तरी माझं पोट भरलंच असतं. लग्नाच्या ब्लाउजांना पुण्यात तोटा नाही. राहवत नाही ते वेगळ्या कारणाने. जूनमध्ये शाळा उघडली की आपणच पर्यावरण दिन साजरा करता. पाच जून सुट्टीत येतो म्हणून पुढच्या आठवड्यात का होईना, पण करता. मुलं कागदी पिशव्या करून आणतात, फलकावर हिरवं झाड रंगवलं जातं. आणि त्याच आठवड्यात शेकडो घरांत धडधाकट शर्ट-पँटींचं गाठोडं बांधलं जातं, कारण शाळेनेच ते बाद ठरवलेले असतात.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार तीच. विनाकारण गणवेश बदलू नका.

हजार मुलांची शाळा धरा. प्रत्येकाचे नेहमीचे दोन जोड आणि खेळाचा एक. म्हणजे एका ठरावाने तीन हजार जोड एका दिवसात निकामी. त्यातले निम्मे फाटायला आलेले असतात, असं आपल्याला वाटत असेल तर ते खरं नाही. बरेचसे पुढच्या भावंडाचे, चाळीतल्या-सोसायटीतल्या लहान मुलाचे, मोलकरणीच्या मुलीचे असतात. शाळा तीच असली की गणवेश आपोआप खाली सरकत जातो, त्यासाठी कुणाला काही योजना करावी लागत नाही. आपला ठराव ही साखळी एका फटक्यात तोडतो.

मग त्या कपड्यांचं होतं काय? ते मी आपल्याला सांगू शकते, कारण तीन-चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शाळेने असाच बदल केला तेव्हा ते सगळं माझ्या टेबलावर आलं होतं. एक बाई राखाडी पँटी घेऊन आल्या, म्हणाल्या, 'या निळ्या रंगवून मिळतील का?' नाही मिळत. सुती कापड घरच्या पातेल्यातही रंग धरतं. पण गणवेशाचं टेरिकॉट म्हणजे बहुधा ६७ टक्के पॉलिस्टर आणि ३३ टक्के सूत. त्यातल्या पॉलिस्टरला हा रंग लागतच नाही. त्याचा रंग वेगळा आणि तो चढवायला दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. ते गिरणीचं काम आहे, माझ्या शेगडीचं नाही. दुसरीने विचारलं, फरशी पुसायला होईल का? त्यालाही नाही, हे कापड पाणी शोषतच नाही, नुसतं ढकलतं. तिसरीच्या सासूबाईंना गोधडी करायची होती. मी नको म्हटलं नाही, पण जुन्या सुती लुगड्याच्या गोधडीची ऊब आणि मऊपणा टेरिकॉटला येत नाही, अंगाखाली घाम येतो. त्यांनी केली, आता ती दिवाणाखाली आहे.

आमच्या गल्लीत अजून एक बोहारीण येते. शर्ट, पँटी, साड्या घेते आणि त्यावर स्टीलचा डबा नाहीतर पातेलं देते. घासाघीस करणाऱ्या पुणेरी बायकांना ती पुरून उरते. तिने घेतलेला कपडा धुऊन, नीट करून कुठल्यातरी बाजारात विकला जातो आणि कुणाच्यातरी अंगावर चढतो. पण गणवेश दिसला की ती बाजूला सारते. खिशावर शाळेचं नाव शिवलेला शर्ट कोण विकत घेणार, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे.

राहता राहिला कचरा. 'स्वच्छ' संस्थेच्या ताई दारात येतात, ओला-सुका वेगळा घेतात. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा विकून त्यांना चार पैसे मिळतात. चिंध्यांना भंगारात काही भाव नाही, त्या नुसत्या वाहून न्यायच्या. पानिपतला चिंध्यांचं सूत काढून ब्लँकेटं करतात हे मलाही माहीत आहे, कुणीतरी ते सांगतंच. पण सूत आणि पॉलिस्टर एकाच धाग्यात पिळलेलं असलं की ते पुन्हा वेगळं करणं अवघड आणि महाग पडतं. पॉलिस्टर मूळचं खनिज तेलातून आलेलं, ते कुजत नाही. शेवटी ते शहराबाहेर कुठेतरी ढिगात जाऊन पडतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी या शहराचा कचरा किती वर्षं सोसला आणि त्यासाठी किती वेळा गाड्या अडवल्या, हे पुणेकरांना मी सांगायला नको.

आणि हे झालं टाकण्याचं. नवं करण्याचा हिशेब वेगळाच. एका सुती टी-शर्टाला, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज नेहमी दिला जातो. कापूस आपल्याच विदर्भ-मराठवाड्यातला, म्हणजे पाणी कुठलं तेही कळलं. खडकवासल्याची पातळी खाली गेली की शाळा मुलांना पाणी वाचवण्याच्या घोषणा लिहायला लावतात. एक गणवेश न बदलण्यात त्या सगळ्या घोषणांपेक्षा जास्त पाणी वाचतं, हे मात्र कुठल्या फलकावर दिसत नाही.

दुसरी तक्रार शिवणीची आहे आणि ती मला आपल्याला नीट समजावून सांगायची आहे, कारण शिंप्याशिवाय ही कुणाच्या लक्षात येत नाही.

सहा ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होतं. त्यातला बराच भाग पायांचा. आमच्याकडे पूर्वी गणवेश शिवायला यायचे तेव्हा पँटीला आणि स्कर्टला खाली चांगली दोन-अडीच इंच दुमड ठेवायची, बाजूच्या शिवणीत अर्धा-पाऊण इंच माया, म्हणजे पुढे सोडता येईल असं जादा कापड, ठेवायची, पाठीमागे कमरेत तर इंचभर. ग्राहकाला सांगावं लागत नसे. दिवाळीनंतर मूल उंच झालं की दुमड उसवायची, इस्त्री मारायची, पुन्हा हातशिलाई घालायची. एवढ्याने दीड-दोन वर्षं सहज निघत. शर्टाची कॉलर मानेला घासून विरली की ती काढून उलटी लावायची. ज्यांना ठाऊक नसतं त्यांना नवा शर्ट वाटतो.

आता गणवेश रेडीमेड येतो, शाळेने सांगितलेल्या एकाच दुकानातून. तो मी उलटा करून पाहते तेव्हा वाईट वाटतं. ओव्हरलॉक मशीन शिवता शिवता कडेचं कापड कापून टाकतं, त्यामुळे शिवणीत सोडायला काहीच उरत नाही. दुमड अर्धा इंच, तीही मशिनची. एका मुलामागे चार इंच कापड वाचलं म्हणजे हजारात किती, हा पुरवठादाराचा हिशेब मला कळतो. पण त्या वाचवलेल्या चार इंचांपायी पूर्ण पँट वर्षभरात बाद होते. पालक घेऊन येतात, 'ताई, जरा खाली सोडा', आणि मला हात वर करावे लागतात. खाली सोडायला कापडच नाही. मग एखादी आई म्हणते, खालून दुसऱ्या कापडाची पट्टी लावा. मी लावून देते. आठ दिवसांनी ती परत येते, कारण वर्गात बाईंनी टोकलं : हा आपला गणवेश नाही.

त्या आईला काय सांगायचं, ते आपण मला सांगा.

ठरावीक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती शाळांनी करू नये, हे राज्य शासनाने परिपत्रकं काढून सांगितलेलं आहे. आपण लेखी सक्ती करत नाही, हे खरं. फक्त कापडच असं निवडता, की चौकडीची ती छटा लक्ष्मी रोडवर, तुळशीबागेत, रविवार पेठेत कुठेच मिळत नाही. सक्तीचा कागद नसला तरी काम तेच होतं. आणि एकाच मापाने सगळ्यांचे कपडे कापले की काय होतं, ते सरकारी शाळांनी २०२४-२५ मध्ये पाहिलं. कापड राज्यपातळीवरून आलं, मापाच्या आणि उशिराच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावा लागला. निदान सरकारने निर्णय फिरवला.

तिसरी तक्रार लांबवत नाही. लाल, निळं, हिरवं, पिवळं हाऊस, प्रत्येकाचा टी-शर्ट वेगळा. पुढच्या वर्षी मुलाचं हाऊस बदललं की तोही बदलायचा. क्रीडादिनाचा तारीख छापलेला टी-शर्ट, जो त्या तारखेनंतर घालायची लाज वाटते. बालवर्गात 'यलो डे', 'पर्पल डे'. साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी आदल्या रात्री नऊ वाजता जांभळा फ्रॉक शोधत हिंडणारे आईवडील मी पाहिलेत, आणि तो फ्रॉक पुन्हा कधी तिच्या अंगावर पाहिलेला नाही. आणि गॅदरिंग. एका साडेचार मिनिटांच्या कोळीगीतासाठी तीस मुलींना सॅटिनच्या नव्या कोऱ्या साड्या शिवून आणायला सांगतात. शिवते मीच, पैसेही घेते. पण या शहरात नाटकाचे कपडे भाड्याने देणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि आजीच्या कपाटात खऱ्या नऊवारी घडी करून ठेवलेल्या आहेत. एकदा मुलींना त्या नेसायला शिकवून बघा. गॅदरिंग रंगेल, आज्यासुद्धा पहिल्या रांगेत येऊन बसतील.

आता आपली बाजू. ती मी ऐकलेली आहे आणि तिच्यात तथ्य नाही असं नाही.

आपण म्हणता, टेरिकॉट पालकांनाच हवं असतं. बरोबर आहे. जुलैमध्ये चार चार दिवस ऊन पडत नाही, सुती शर्ट वाळत नाही, इस्त्रीला वेळ नाही. सगळी शाळा खादीत आणा, असं मी म्हणणार नाही. नोकरी करणाऱ्या आईच्या सकाळी सहा वाजताच्या घाईत ते बसत नाही. पण त्याच तर्काने एप्रिलच्या चाळीस अंशांत पॉलिस्टरचा टाय आणि अस्तराचा जाकीट कशासाठी, हे मला कळलेलं नाही. टेरिकॉट टिकाऊ असतं, हे आपण सांगता ते खरंच आहे. मग टिकू द्या ना. चार वर्षं टिकणारं कापड निवडायचं आणि दोन वर्षांत ते बाद करायचं, यात सुताचे तोटे आणि पॉलिस्टरचे तोटे दोन्ही पदरात पडतात.

आपण असंही म्हणता, की गणवेश समानतेसाठी असतो, जुने कपडे घालणारं मूल त्यात उठून दिसेल. हा मुद्दा गंभीर आहे. आरटीईतून आलेल्या मुलाला शाळेने 'मदत' म्हणून जुना शर्ट दिला तर त्याच्या मनाला ते लागेल, हे मला मान्य आहे. पण जुनं वापरणं हे फक्त गरिबाच्या वाट्याला ठेवलं तरच ते लागतं. या शहरात अप्पा बळवंत चौक आहे. डॉक्टरच्या मुलाने आणि रिक्षावाल्याच्या मुलीने तिथे एकाच काउंटरवर निम्म्या किमतीत जुनी पुस्तकं घेतली, वर्ष संपल्यावर तिथेच परत विकली. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही, उलट चांगल्या खुणा केलेलं पुस्तक मिळालं तर कॉलर ताठ. पुस्तकात जे पुण्याला जमलं ते गणवेशात का जमू नये? अदलाबदल सगळ्यांसाठी ठेवा, शाळेच्या आवारात ठेवा, विश्वस्तांच्या नातवंडांचे कपडेही त्या टेबलावर येऊ द्या.

हे काही मी एकटीने काढलेलं खूळ नाही. उत्तर प्रदेशच्या २०१८ च्या फी नियंत्रण कायद्यात खासगी शाळांनी सलग पाच वर्षं गणवेश बदलू नये, अशी तरतूद आहे. इंग्लंडने २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चाबाबत कायदा केला. त्याखालच्या सूचनांत शाळांना सांगितलंय, की बोधचिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवा आणि वापरलेले गणवेश पालकांना मिळतील अशी सोय करा. तिथलं सगळं इथे आणावं असं नाही. पण विद्येचं माहेरघर म्हणवून घेणाऱ्या शहराने एवढ्या बाबतीत लखनौच्या मागे राहू नये.

माझ्या मागण्या अशा :

गणवेश निदान पाच वर्षं बदलू नका. बदलायचाच असेल तर फक्त नव्याने प्रवेश घेणाऱ्या वर्गापासून सुरू करा आणि आधीच्या मुलांना जुना शाळा सोडेपर्यंत चालू द्या. दोन रंगांची मुलं एका प्रार्थनेला उभी राहिली तर काही बिघडत नाही.

कापड असं निवडा, जे बाजारात कुठेही मिळेल. कापडाचा नमुना आणि शिवणीचं माप सूचनाफलकावर लावा. पालक रेडीमेड घेतील, शिंप्याकडून शिवतील किंवा घरी शिवतील, ते त्यांच्यावर सोडा.

शाळेचं नाव शर्टावर छापू नका, विणू नका. सुटा बॅज द्या. बॅज काढला की तो साधा शर्ट होतो, मग तो मामाच्या गावाला घालता येतो, बोहारणीलाही देता येतो.

रेडीमेड पुरवठादार नेमलाच असेल, तर करारात एक ओळ वाढवा : खाली दोन इंच दुमड, बाजूला अर्धा इंच माया. त्याने थोडी किंमत वाढेल. पालक देतील, मी त्यांच्याशी रोज बोलते.

दुमड सोडल्यावर राहणारी रेघ, रफू, ठिगळ, उलटवलेली कॉलर, किंचित उडालेला रंग यावरून कुठल्याही मुलाला वर्गात उभं करू नका. हे शिक्षकांना लेखी सांगा. या मागणीला एक पैसाही लागत नाही, आणि कदाचित सगळ्यात अवघड हीच आहे.

वार्षिक निकालाच्या दिवशी आवारात गणवेश अदलाबदलीची चार टेबलं मांडा. धुतलेले, बटणं लावलेले कपडे आणायचे, मापाप्रमाणे लावायचे, हवं ते न्यायचं. बटणं तुटलेली असतील तर पाचवी ते नववीच्या मुलांना आदल्या आठवड्यात कार्यानुभवाच्या तासाला ती लावायला शिकवा. मुलगे आणि मुली दोघांनाही. कागदी पिशवीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

हाऊससाठी टी-शर्टाऐवजी रंगीत फीत किंवा दंडावरचा पट्टा पुरतो. रंगांचे दिवस बंद करा, नाहीतर त्या रंगाचं फूल, फळ, रुमाल आणायला सांगा.

जूनच्या गणवेशाची कापडाची ऑर्डर आपल्याकडून हिवाळ्यातच जाते, म्हणून हे पत्र आत्ता लिहिलं. आमच्या भागातल्या त्या शाळेचा ठराव झाला असला तरी कापड अजून आलेलं नाही. पुढच्या पालकसभेत हा विषय पुन्हा घ्या आणि काय ठरलं ते कारणासह फलकावर लावा, एवढी अपेक्षा आहे. पालकांनाही माझं सांगणं आहे, की गेटबाहेर कुजबुजण्यापेक्षा सभेत हात वर करा आणि मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या. चार जणांच्या सह्या असल्या तरी चालतील.

कळावे,

शिवणकाम करणारी एक बाई,
कर्वेनगर, पुणे

ता. क. : अदलाबदलीच्या दिवशी कुठल्याही शाळेने बोलावलं तर मी माझं मशीन घेऊन येईन. दुमड सोडणं आणि बटण लावणं त्या दिवशी फुकट. चेन बदलायची असेल तर चेनचे पैसे पडतील.